लाल पेशींचा रिपोर्ट आणि राहून गेलेला मॅमोग्राम

पत्र नाशिकच्या एका ४६ वर्षांच्या वाचक ताईंचं आहे. त्यांच्या आईला ४९व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. आज आई ७२ वर्षांच्या आहेत आणि ठणठणीत आहेत. ताईंची पाळी अजून चालू आहे. कॉलनीतल्या शिबिरात एका खासगी लॅबच्या पॅकेजमध्ये त्यांनी साडेनऊ हजार रुपये भरून ‘लाल पेशींच्या आवरणातील फॅटी ॲसिड’ ही तपासणी करून घेतली. रिपोर्टात स्टिअरिक आम्ल १४.२ टक्के, ओलिक आम्ल १७.८ टक्के, दोघांचं गुणोत्तर ०.८०, ओमेगा-३ इंडेक्स (लाल पेशींतल्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ फॅटी ॲसिडचा एकूण टक्का) ३.४ आणि पुढे लाल पट्टीवर शेरा: ‘कॅन्सरचा धोका वाढलेला’. सोबत सहा महिन्यांच्या कॅप्सूल आणि मग पुन्हा तपासणी, असा सल्ला. नणंदेचा रिपोर्ट हिरवा आला, म्हणून तिने ठरलेला मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) रद्द केला. स्वतः ताईंनी मॅमोग्राम कधीच केलेला नाही. त्या विचारतात: मला कॅन्सर आहे का? शेंगदाणा तेल बंद करू का? कॅप्सूल घेऊ का? १९ वर्षांच्या लेकीचीही ही तपासणी करावी का? मिस्टर म्हणतात, पैसे पाण्यात गेले.

ताई, त्या लाल पट्टीवरून तुम्हाला कॅन्सर आहे असं म्हणता येत नाही. आणि नणंदेच्या हिरव्या पट्टीवरून तिला तो नाही, असंही म्हणता येत नाही. मला काळजी खरं तर नणंदेची जास्त वाटते. तुम्ही घाबरून का होईना डॉक्टरकडे जाल. ती निश्चिंत होऊन घरी बसली आहे.

आधी तपासलं काय ते बघू. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. पूर्ण वाढलेल्या लाल पेशीत केंद्रक नसतं, मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे ती स्वतः फॅटी ॲसिड तयार करू शकत नाही. हाडातल्या मज्जेत जन्मताना मिळालेलं आवरण आणि पुढे प्लाझ्माशी, म्हणजे रक्तातल्या द्रवाशी, होत राहणारी देवाणघेवाण, एवढंच तिचं भांडवल. म्हणून त्या आवरणात तुमच्या गेल्या तीन-चार महिन्यांच्या जेवणाची आणि यकृताने स्वतः घडवलेल्या चरबीची सरमिसळ दिसते. डायबेटिसमध्ये तीन महिन्यांची साखर बघायला एचबीए१सी करतात, तीही याच पेशींच्या आयुष्यावर बेतलेली असते. आहाराचा अभ्यास करणाऱ्यांना ही तपासणी आवडते ती यासाठी. ‘आठवड्यातून किती वेळा मासे खाता?’ या प्रश्नाला माणूस अंदाजपंचे उत्तर देतो, लाल पेशी देत नाही.

कॅन्सरचा संबंध इथे कसा जोडला गेला? स्टिअरिक आम्लात एक दुहेरी बंध घालून त्याचं ओलिक आम्ल करणारं एक एन्झाइम शरीरात असतं. भराभर विभागणाऱ्या पेशींना सतत नवी आवरणं लागतात, त्यामुळे अनेक गाठींमध्ये हे एन्झाइम जोरात चालतं. स्टिअरिक घटतं, ओलिक वाढतं, गुणोत्तर खाली येतं. याची सावली रक्तातल्या लाल पेशींवरही पडत असेल, असा तो तर्क. १९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कॅन्सरच्या रुग्णांच्या लाल पेशींत ओलिक आम्ल वाढलेलं दिसल्याचा एक लेख आला आणि साध्या रक्ततपासणीवर कॅन्सर ओळखता येईल अशी आशा निर्माण झाली. पुढे इतरांनी करून पाहिलं तेव्हा तो फरक दर वेळी दिसला नाही. शिवाय जे आधीच आजारी आहेत त्यांचं जेवण कमी झालेलं असतं, वजन उतरलेलं असतं, यकृतावर ताण असतो. रक्तातला बदल गाठीमुळे की आजारपणामुळे, हे त्यांच्या रक्तावरून सांगता येत नाही.

यापेक्षा भक्कम पुरावा इटलीतून आला. उत्तर इटलीतल्या वारेसे भागातल्या निरोगी स्त्रियांचं रक्त आधी घेऊन उणे ८० अंशांवर ठेवलं आणि नंतर कोणाला स्तनाचा कॅन्सर होतो ते पाहिलं. २००१ साली निष्कर्ष आले. ज्यांना पुढे कॅन्सर झाला त्यांच्या लाल पेशींत ओलिक आम्ल सरासरीने जास्त होतं, मासळीतून मिळणारं डीएचए कमी होतं. रक्त आजाराच्या आधीचं असल्यामुळे या अभ्यासाला वजन आहे. पण दोन गोष्टी बघा. त्या ४,०५२ स्त्रियांपैकी कॅन्सर झालेल्या होत्या ७१, म्हणजे आकडा लहान. आणि त्या सगळ्या पाळी गेलेल्या होत्या. तुमची पाळी चालू आहे. या अभ्यासाच्या जोरावर तुमच्या रिपोर्टवर लाल शिक्का मारायचा, तर अभ्यासात तुमच्यासारखी बाई नव्हतीच.

तिसरी गोष्ट रिपोर्टात कोणी लिहीत नाही. हेच एन्झाइम यकृतातही असतं आणि इन्सुलिन वाढलं, साखर-मैदा-भाताचं प्रमाण जास्त झालं, पोटावर चरबी साठली, रोज थोडी दारू चालू असली की तिथेही ते जोर धरतं. पाळी गेल्यानंतर लठ्ठपणाने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो हे पक्कं ठाऊक आहे. मग इटलीतल्या त्या स्त्रियांमध्ये गुणोत्तराने दाखवला तो कॅन्सर होता की वाढलेलं इन्सुलिन? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. तसं असेल तर कंबरेचा घेर मोजणारी टेप आणि उपाशीपोटीची साखर बरंचसं तेच सांगतील, तेही साडेनऊ हजार न घेता.

आता तुमच्या मनातला मुख्य समज: ‘आकडा लाल पट्टीत, म्हणजे शरीरात काहीतरी आहे.’ हिशेब मांडून बघा. समजा १०,००० बायकांची तपासणी केली आणि त्यांच्यापैकी ३० जणींना न कळलेला स्तनाचा कॅन्सर आहे. तपासणी चांगली आहे असंही धरू: कॅन्सर असलेल्या १०० पैकी ८० जणी पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ८० जणींना बरोबर ‘नाही’ म्हणते. या फॅटी ॲसिड तपासणीची एवढी अचूकता कोणी सिद्ध केलेली नाही, तरी तिला उदारपणे देऊन टाकू. तीसपैकी २४ जणी लाल पट्टीत येतील. उरलेल्या ९,९७० निरोगी बायकांपैकी १,९९४ जणीही लाल पट्टीत येतील. एकूण लाल २,०१८ आणि त्यांत खऱ्या २४, म्हणजे शंभरात जेमतेम एक. आणि ज्या सहा जणींना कॅन्सर असूनही हिरवी पट्टी मिळाली, त्यांनी तुमच्या नणंदेसारखा मॅमोग्राम रद्द केला तर? नणंदेला हा परिच्छेद वाचायला द्या आणि अपॉइंटमेंट पुन्हा घ्यायला लावा.

दोन गटांच्या सरासरीत फरक असणं आणि एका माणसाबद्दल निकाल देता येणं यांत फार अंतर आहे. गटागटांत फरक दाखवणाऱ्या पदार्थांचा ढीग पडला आहे. त्यांतले फार थोडे दवाखान्यापर्यंत पोचतात. रक्तातलं सीए-१२५ हे अंडाशयाच्या कॅन्सरसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेलं मार्कर, म्हणजे आजाराची खूण. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत एका गटाचं त्याच्या आधारे स्क्रीनिंग करून पाहिलं आणि २०२१ साली निष्कर्ष आला की मृत्यू कमी झाले नाहीत. एवढं मुरलेलं मार्कर तिथे कमी पडलं. लाल पेशींतली फॅटी ॲसिड तर अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहेत आणि निरोगी माणसात कॅन्सर शोधण्यासाठी कोणतीही मान्य मार्गदर्शिका ती करा असं सांगत नाही.

आकड्याच्या खरेपणाबद्दलही बोलायला हवं, कारण गडबड बहुतेक वेळा इथेच होते. रक्त ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वर पिवळा प्लाझ्मा, मध्ये पांढुरका पातळ थर आणि खाली लाल पेशी असे तीन भाग होतात. वरचे दोन्ही नीट काढून लाल पेशी सलाइनने दोन-तीनदा धुवाव्या लागतात. धुण्यात आळस झाला तर प्लाझ्मातली ट्रायग्लिसराइड मागे राहतात आणि त्यांत ओलिक आम्ल भरपूर असतं. म्हणजे नीट न धुतलेला नमुना आपोआप ओलिक जास्त आणि गुणोत्तर कमी दाखवतो, तोच तो ‘कॅन्सरचा’ आकडा! जेवून रक्त दिलं असेल तर आणखीच. नंतर साठवण. धुतलेल्या पेशी उणे ८० अंशांवर ठेवायच्या असतात. साध्या डीप फ्रीझरमध्ये, उणे २० ला, पेशी फुटतात, हिमोग्लोबिनमधलं लोह मोकळं होतं आणि ते ईपीए-डीएचएसारखी नाजूक फॅटी ॲसिड काही आठवड्यांत खाऊन टाकतं. मग ओमेगा-३ इंडेक्स खोटाच कमी दिसतो. आणि सगळे आकडे एकूण शंभरातले टक्के असल्यामुळे एक घटलं की बाकीचे काही न करता वाढतात.

त्यामुळे लॅबला फोन करून सरळ विचारा. पूर्ण रक्त तपासलं की धुतलेल्या लाल पेशी? नमुना किती दिवसांनी आणि कोणत्या तापमानाला मशीनवर गेला? गॅस क्रोमॅटोग्राफी (फॅटी ॲसिड वेगवेगळी करून मोजण्याची पद्धत) कुठे झाली, इथे की दुसऱ्या शहरात? एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता लॅबला आहे, हे ठीक. पण ती या चाचणीसाठी आहे का? (मान्यता चाचणीनिहाय असते. लेटरहेडवरचं चिन्ह बघून आपण गप्प बसतो.) आणि लाल-हिरव्याची सीमा कोणत्या लोकांवरून ठरवली? समोरून ‘आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर त्या पट्टीकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही. अलीकडे रक्त चढवलं असेल, लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया असेल, पाळीत फार रक्त जात असेल, तरीही पेशींचं वय आणि त्यामुळे हे आकडे बदलतात. तुमचं हिमोग्लोबिन किती आहे हे पत्रात नाही; ते आधी बघा.

कॅप्सूलचं काय? इथे दडलेला समज असा की आकडा सुधारला म्हणजे धोका कमी झाला. हा समज एकदा फार महागात पडला आहे. रक्तात बीटा-कॅरोटिन कमी असलेल्यांना फुप्फुसाचा कॅन्सर जास्त होतो असं दिसलं होतं, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. ओमेगा-३ बाबत एवढं वाईट घडलेलं नाही, पण फायदाही दिसला नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज १ ग्रॅम फिश ऑइल साधारण पाच वर्षं देऊनही कॅन्सरचं प्रमाण कमी झालं नाही. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. पुरुषांबाबत तर २०१३च्या एका अमेरिकन अभ्यासात रक्तात ओमेगा-३ जास्त असणाऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त आढळला. यावरून मासे सोडायचे नाहीत. पण रक्तातलं एकच फॅटी ॲसिड एका अवयवात एका बाजूला बोट दाखवतं आणि दुसऱ्यात उलट बाजूला, तेव्हा त्यावर कॅप्सूल विकणाऱ्याला फार खात्री असू नये.

मिस्टरांचं म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करणार नाही. ओमेगा-३ इंडेक्स हा आकडा २००४ साली हृदयविकाराच्या संदर्भात पुढे आला. ८ किंवा वर चांगला, ४च्या खाली कमी. तुमचा ३.४ म्हणजे मासे फारसे पोटात जात नाहीत. नमुना नीट ठेवला असेल तर त्यातून एवढं खरं कळलं. खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्या, तळण्यापेक्षा कालवण किंवा तव्यावर कमी तेलात. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी खुशाल खा, पण तिच्यातल्या फॅटी ॲसिडचं शरीरात डीएचए फारच थोडं होतं. हा आकडा चटणीने हलणार नाही, शेवाळापासून काढलेल्या डीएचएने हलेल. आणि कॅप्सूल घ्यायचीच असेल तर बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा. पुढे ‘१००० मिग्रॅ’ लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं एकूण ३०० मिग्रॅ असतं. मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे रक्त पातळ करणारं औषध किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ज्यांची केमो चालू आहे अशा वाचकांनी तर आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला सांगितल्याशिवाय एकही कॅप्सूल सुरू करू नये. आणि सहा महिन्यांनी ती पूर्ण तपासणी पुन्हा करण्याचं काही कारण मला दिसत नाही.

शेंगदाणा तेल बंद करू नका. त्यात साधारण निम्मं ओलिक आम्ल असतं हे खरं, ऑलिव्ह तेलात त्याहूनही जास्त असतं आणि ऑलिव्ह तेल खाणाऱ्यांना त्याने कॅन्सर होतो असं दिसलेलं नाही. लाल पेशींतल्या ओलिकचा मोठा वाटा यकृतात बनतो, डब्यातून येत नाही. करडई किंवा सूर्यफुलावर गेलात तर रिपोर्टातले दुसरे आकडे हलतील, बाकी काही नाही. चारजणांच्या घरात महिन्याला किती तेल संपतं तेवढं बघा. दोन-अडीच लिटरच्या वर जात असेल तर हात आवरा. वनस्पती तूप आणि त्याच त्या तेलात पुन्हापुन्हा केलेलं तळण टाळा.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली ओळ: आईला ४९व्या वर्षी. कुठल्याही फॅटी ॲसिडपेक्षा ती जड आहे. घरात आई किंवा बहिणीला कमी वयात झाला असेल तर तिच्या त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून मॅमोग्राम सुरू करावा, असा रूढ संकेत आहे. तुमच्या बाबतीत ते वय ३९ होतं. म्हणजे सात वर्षं उशीर झालाच आहे, सहा महिने कॅप्सूल खाऊन तो आणखी वाढवू नका. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसात वेळ घ्या, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी काखेत डिओडोरंट किंवा पावडर नको, फिल्मवर तिचे कण दिसतात. पाळी चालू असलेल्या वयात स्तन दाट असतात आणि दाट भागात गाठ लपते, म्हणून सोबत सोनोग्राफी लागेल का ते रेडिओलॉजिस्टला तिथेच विचारा. रिपोर्टात ‘बायरॅड्स’चा आकडा असतो. १ आणि २ असेल तर पुढच्या वर्षी भेट. ३ असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा. ४ किंवा ५ असेल तर सुई घालून बायोप्सी, तीही लांबवायची नाही. आणि ० म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी फोटो काढा. फिल्म आणि सीडी जपून ठेवा. पुढच्या वर्षी तुलनेला जुनी फिल्म हाताशी असली की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

दुसरं काम जेनेटिक काउन्सेलिंगचं. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कॅन्सर हे बीआरसीए जनुकांची (यांत दोष असेल तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) तपासणी करण्यासाठी पुरेसं कारण मानतात. ही तपासणी आधी तुमची नाही, आईची करायची. ज्या माणसाला आजार झाला त्याच्यात दोष सापडला तर तुमच्यात नेमका तोच शोधता येतो. आधी तुमची केली आणि काही सापडलं नाही, तर त्या ‘नाही’चा अर्थ लावता येत नाही. आई हयात आहेत, ठणठणीत आहेत, हे इथे मोठं बळ आहे. जाताना आईचा जुना बायोप्सी रिपोर्ट आणि तीन पिढ्यांची यादी घेऊन जा: स्तन, अंडाशय, प्रोस्टेट, स्वादुपिंड यांपैकी कोणाला, कितव्या वर्षी. वडिलांकडचे नातेवाईकही लिहा. हे जनुक बापाकडूनही येतं आणि यादीत नेमकी तीच बाजू कोरी असते.

घरात कॅन्सर नाही आणि मॅमोग्राम परवडत नाही अशा वाचकांसाठी: सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तनांची हाताने तपासणी, गर्भाशयमुखाची व्हीआयए (सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी बघायची) तपासणी आणि तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी होते. हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षं चालवलेल्या अभ्यासात, दहावी शिकलेल्या आणि नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी अशी तपासणी केली. गाठी आधीच्या टप्प्यावर सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

लेकीची फॅटी ॲसिड तपासणी करू नका. मॅमोग्रामही या वयात नको. आईच्या तपासणीत जनुकाचा दोष निघाला आणि तो तुमच्याकडेही आला असेल, तरच तिचा प्रश्न येतो, आणि तेव्हाही निर्णय तिचा, पंचविशीच्या आसपास, काउन्सेलरशी बोलून. त्या वयापासून अशा मुलींना वर्षाला एमआरआय सुचवतात. तोवर तिला एवढंच सांगा की स्तनात नवीन गाठ, कातडीला खळी किंवा बोंडातून रक्त दिसलं तर पाळीचं असेल म्हणून थांबायचं नाही. हे तुम्हालाही लागू आहे, मॅमोग्राम स्वच्छ आला तरी.